पुडीत मावणारी पिढी

फाल्गुनात नाशिककरांचं सगळं लक्ष द्राक्षांवर असतं. काढणी, भाव, अवकाळीचा अंदाज, बोलायला दुसरा विषय नसतो. त्याच दिवसांत ओढ्याकाठच्या शिंदीच्या झाडांत आणि बंगल्यांच्या अंगणातल्या शोभेच्या खजुरांत, पानांच्या बेचक्यातून तपकिरी, मखमली म्यानं वर येत असतात. नर झाडाचं असं म्यान अंगठा आणि तर्जनीत धरून मधोमध हलकेच दाबावं. आत फुलोरा कोवळा असेल तर बोटाखाली नुसतं भरीव लागतं. तयार असेल तर कुरकुर असा बारीक आवाज येतो, वाळलं पान मुठीत दाबल्यासारखा. तो आवाज आला की एक-दोन दिवसांत म्यान तडकणार. संकरित नर पामचा पराग गोळा करून नवी रोपं घडवण्याच्या वर्षभराच्या कामातले खरे मोलाचे दिवस हे एवढेच.

घरच्या घरी पामचा संकर करायचा म्हटलं की बहुतेकांचं मन थेट रोपांवर जातं. पराग गोळा करणं हे त्यांना फूल तोडण्याइतकं किरकोळ वाटतं. पण बी रुजून त्या झाडाला तुरा येईपर्यंत पाच, सहा, कधी आठ वर्षं जातात. सुरुवातीचा पराग मेलेला असला, भिजलेला असला किंवा भलत्याच झाडाचा असला, तर चूक कळेपर्यंत तेवढी वर्षं गेलेली असतात. म्हणून माझ्या मते या छंदातली निम्मी मेहनत परागाच्या पुडीवरच खर्च व्हायला हवी.

आधी बाप कोण ते ओळखायला हवं. आपल्याकडे संकरित बाप मिळण्याची सर्वांत सोपी जागा म्हणजे फिनिक्स हे कूळ. शिंदी त्यातलीच, खाण्याचा खजूर त्यातलाच, आणि रोपवाटिकेत ‘रोबेलिनी’ म्हणून मिळणारा मेकाँग नदीच्या काठचा बुटका, मऊ पानांचा खजूरही त्यातलाच. सगळ्यांची गुणसूत्रं ३६. त्यामुळे या जाती एकमेकींत सहज मिसळतात आणि त्यांची संकरित संततीही बहुतेक वेळा प्रजननक्षम असते. वनस्पतिशास्त्रज्ञ साशा बॅरो यांनी १९९८ मध्ये या कुळाची मांडणी केली तेव्हा १३ जाती मानल्या होत्या. निसर्गातही ही सरमिसळ चालू असतेच: उत्तर आफ्रिकेच्या खजुरात क्रीट बेटावरच्या रानटी खजुराच्या भाईबंदांचा अंश असल्याचं २०१९ च्या जनुकीय अभ्यासात दिसून आलं.

त्यामुळे बियांपासून वाढवलेली जी रोबेलिनी गंगापूर रोड किंवा कॉलेज रोडच्या अंगणात दिसते ती शुद्ध असेलच असं नाही. शंका आली तर पानाआधी नर फूल बघा. हातावर घेतलं तर ते मेणाचं केल्यासारखं दिसतं, पिवळसर पांढरं, तीन पाकळ्यांचं, आत सहा पुंकेसर. रोबेलिनीच्या पाकळीचं टोक निमुळतं, अणकुचीदार असतं. शिंदीच्या आणि खजुराच्या पाकळीचं टोक गोलसर. दोन्हींच्या मधलं टोक दिसलं, खोड रोबेलिनीपेक्षा जाड असलं, आणि पानाच्या पात्या एका पातळीत न राहता थोड्या इकडेतिकडे वळल्या असल्या, तर झाड संकरित असण्याचा दाट संभव. पात्यांच्या खालच्या बाजूला मधल्या शिरेवर पांढरट खवले हीही रोबेलिनीची खूण. संकरितात ते विरळ होतात.

आता संकरित नराचा पराग शुद्ध जातीच्या परागापेक्षा वेगळा का मानायचा? ३६ गुणसूत्रं म्हणजे १८ जोड्या. परागकण तयार होताना प्रत्येक जोडीतलं एकच गुणसूत्र कणात उतरतं, आजोबांचं किंवा आजीचं. १८ जोड्यांच्या अशा निवडींतून २,६२,१४४ प्रकारचे कण होऊ शकतात, आणि गुणसूत्रांची आपापसातली अदलाबदल यात धरलेलीच नाही. शुद्ध शिंदीच्या पुडीतले कण ढोबळमानाने एकाच घरातले. संकरिताच्या पुडीतला प्रत्येक कण वेगळ्या वळणाचा. एका बाजूला रोबेलिनीची मऊ पानं आणि बेताची उंची, दुसऱ्या बाजूला शिंदीचा उन्हाला आणि पाण्याच्या ताणाला तोंड देण्याचा चिवटपणा: हे दोन्ही एका रोपात हवं असेल, तर ते याच गर्दीतून शोधायचं आहे. शिवाय नर झाड फळ कधीच दाखवत नाही. त्याची पारख पानावरून, खोडावरून, उन्हाळ्यात ते कसं उभं राहतं यावरूनच करावी लागते.

म्यान तडकण्याच्या आदल्या दिवशी किंवा तडकल्याबरोबर, सकाळी दव वाळल्यावर, तुरा कापावा. उशीर केला तर दुपारपर्यंत मधमाश्या अर्धा पराग नेतात आणि उरलेला वारा. कोवळं म्यान कापून घरात पिकवायचा मोह टाळावा. ते उघडतं, पण कण पोचट निघतात.

काट्यांना हलक्यात घेऊ नका. फिनिक्सच्या देठाच्या तळाशी असलेल्या पात्याच काटे झालेल्या असतात, आणि काट्याचं टोक बोटाच्या किंवा गुडघ्याच्या सांध्याजवळ मोडून आत राहिलं तर सांधा महिनोन्‌महिने सुजून राहू शकतो. जाड चामडी हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. हात घालायच्या जागेचे काटे आधी कात्रीने छाटून घ्यावेत. टोक आत राहिल्याची शंका असेल तर डॉक्टरांना दाखवावं, सुईने घरी कोरत बसू नये. तोंडावर मास्क असावा, कारण हा पराग अनेकांना बाधतो. कापल्या जागेला दहा टक्क्यांची बोर्डो पेस्ट लावावी, म्हणजे एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. द्राक्षबागायतदाराच्या घरी ती तयारच सापडते. ताज्या जखमेच्या वासाने लाल सोंड्या भुंगा येतो आणि तो एकदा खोडात शिरला की झाड वाचवणं फार कठीण. दुसऱ्याच्या अंगणातलं किंवा महापालिकेच्या उद्यानातलं झाड असेल तर परवानगी घेऊनच हात लावावा, हे वेगळं सांगायला नको.

घरी आणल्यावर म्यान उभं चिरून फुलांच्या लड्या मोकळ्या कराव्यात आणि बंद खोलीत, सावलीत, गुळगुळीत पांढऱ्या कागदावर पसराव्यात किंवा कागदाच्या वर उलट्या टांगाव्यात. पंखा बंद. ऊन नको. वर्तमानपत्र नको, त्याच्या खरखरीत अंगाला पराग चिकटून बसतो. मार्चमधली नाशिकची दुपार इतकी कोरडी असते की दोन ते तीन दिवसांत काम होतं. हेच पावसाळ्यात करून पाहिलं तर तिसऱ्या दिवशी लड्यांवर बुरशीचं जाळं दिसतं. रोबेलिनीच्या रक्ताची झाडं अवेळीही तुरा टाकतात, तेव्हा जुलैतला तुरा सरळ सोडून द्यावा.

लड्या झटकल्या की कागदावर पिवळसर पांढरी धूळ उरते. तिच्यात पाकळ्या, कोषांची टरफलं आणि हमखास काही किडे असतात. आधी चहाच्या गाळणीतून, मग मलमलीतून चाळावं. कण इतके बारीक, की मलमलीतून ते सहज जातात आणि कचरा वर राहतो. कचरा काढणं केवळ टापटिपीसाठी नाही. ओलावा धरून ठेवतो तो कचराच, आणि बुरशी पहिल्यांदा त्यावरच येते.

आता साठवण. इथेच सगळ्यांत जास्त पराग मरतो. चाळलेला पराग कागदाच्या उघड्या पुडीत घालून ती पुडी सिलिका जेल असलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात एक ते दोन दिवस ठेवावी. जेल रंग बदलणारं घ्यावं. नारिंगीचं हिरवं झालं की त्याचं काम संपलं, ते तव्यावर मंद आचेवर गरम करून पुन्हा वापरता येतं. पराग बोटावर घेतला आणि तो गोळी न होता निसटला, तर सुकला. मग छोट्या काचेच्या बाटल्यांत एका वेळेला लागेल तेवढाच भरावा. एक मोठी बाटली भरून पुन्हा पुन्हा उघडणं ही घरोघरची चूक आहे.

फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, चार अंशांच्या आसपास, नीट सुकवलेला पराग दोन-तीन महिने कामाचा राहतो. पुढच्या हंगामापर्यंत न्यायचा असेल तर फ्रीझर हवा, उणे अठरा अंश. ओलसर पराग फ्रीझरमध्ये टाकला तर आतल्या पाण्याचा बर्फ होऊन कण फुटतात, म्हणून आधी सुकवणं. आपोआप बर्फ वितळवणाऱ्या फ्रिजमध्ये तापमान सारखं खालीवर होतं, म्हणून बाटल्या थर्मोकोलच्या डबीत आणि ती डबी गोठलेल्या पाण्याच्या बाटल्यांच्या मधे ठेवावी. वीज चार-पाच तास गेली तरी फारसं बिघडत नाही. बाहेर काढल्यावर बाटली न उघडता अर्धा तास तशीच ठेवावी. थंड बाटली लगेच उघडली की हवेतलं दव परागावर उतरतं आणि वर्षभर जपलेलं दोन मिनिटांत गोळा होतं.

बाटलीत चिठ्ठी घालावी ती पेन्सिलीने लिहून. शाई गारठ्यात आणि ओलाव्यात फुटते. चिठ्ठीवर झाडाचा खुणेचा क्रमांक, म्यान तडकल्याची तारीख, बाटली बंद केल्याची तारीख, आणि तपासणीत किती टक्के कण जिवंत निघाले तो आकडा. ‘संकरित नर’ एवढंच लिहिलेली चिठ्ठी काहीच सांगत नाही.

तो टक्क्यांचा आकडा काढायला प्रयोगशाळा लागत नाही. शंभर पटीने मोठं दाखवणारा शाळकरी सूक्ष्मदर्शक पुरतो. रुजवणीचं पाणी असं करावं: एक लिटर शुद्ध पाण्यात एक ग्रॅम बोरिक पावडर विरघळवून ठेवायची. मेडिकल दुकानात मिळते तीच घ्यावी. कॅरमची पावडर मुळात बोरिकच असते, पण तिच्यात भेसळ निघू शकते. दुसऱ्या एका लिटरमध्ये तीन ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट. द्राक्षांना ड्रिपमधून सोडतात तेच, पिंपळगाव-दिंडोरीकडे कुठल्याही खताच्या दुकानात मिळतं. मग दहा ग्रॅम साखर, पहिल्या बाटलीतलं दहा मिलिलिटर, दुसरीतलं दहा मिलिलिटर आणि एकूण शंभर मिलिलिटर होईल इतकं पाणी. पाणी बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड चालतं, नळाचं नको.

फार सुकलेला पराग एकदम पाण्यात टाकला तर धक्क्याने फुटतो. म्हणून आधी तासभर तो ओल्या कापसाच्या झाकलेल्या डबीत, पाणी न लागता, नुसत्या दमट हवेत ठेवावा. मग काचपट्टीवर पाण्याचा थेंब, त्यावर सुईच्या टोकावर मावेल एवढाच पराग, आणि ती पट्टी पुन्हा दमट डबीत, साधारण सत्तावीस-अठ्ठावीस अंशांत. सहा तासांनी बघा, पुन्हा दुसऱ्या दिवशी सकाळी बघा. जिवंत कणातून काचेच्या दोऱ्यासारखी नळी निघालेली दिसते. नळी कणाच्या रुंदीपेक्षा लांब असेल तरच तो कण रुजला असं मोजायचं. वेगवेगळ्या जागी मिळून किमान दोनशे कण मोजावेत. भरभरून पराग टाकला तर कण एकमेकांवर चढतात आणि मोजणी खोटी येते.

शुद्ध शिंदीचा ताजा पराग आणि संकरिताचा पराग शेजारी-शेजारी लावून पाहावा. संकरितात सुरकुतलेले, रिकामे कण जास्त दिसले तर घाबरू नये, फक्त नोंद करावी. कार्मिनचा रंग देऊन भरलेले कण लाल दिसतात खरे, पण भरलेला म्हणजे जिवंत नव्हे. जुना मेलेला कणही रंग घेतो. बाकी सगळ्या पामांत फिनिक्ससारखं सुदैव नसतं. ब्युटिया आणि क्वीन पाम यांचा जो देखणा संकर होतो, त्याला खेचर पाम म्हणतात, कारण तो बहुतेक वांझ असतो. तसल्या झाडाचा पराग गोळा करण्याआधी ही चाचणी केली नाही तर एक अख्खा हंगाम फुकट जातो.

रुजवण अर्ध्याच्या वर असेल तर एक भाग पराग आणि पाच भाग बिनवासाची टाल्कम, म्हणजे शंखजिऱ्याचं बारीक पीठ, असं मिसळून चालतं. वीस टक्क्यांच्या खाली असेल तर काही न मिसळता नुसता वापरावा आणि दोनदा लावावा. खजुराच्या बागांत गव्हाचं पीठही मिसळतात, पण ते आपल्याकडे मुंग्या बोलावतं.

मादी झाडाची तयारी त्याआधीच व्हायला हवी. माडाच्या तुलनेत इथे एक मोठी सोय आहे. माडाच्या एकाच पोईत, म्हणजे फुलोऱ्यात, नर आणि मादी फुलं असतात. १९३२ मध्ये केरळात निलेश्वरला जे. एस. पटेल यांनी उंच आणि ठेंगू माडाचा संकर केला, तेव्हापासून आजतागायत माडाच्या संकराला पोईतली नर फुलं हातांनी काढून टाकावी लागतात. फिनिक्समध्ये नर झाड वेगळं, मादी वेगळी. छाटायचं काही नाही, फक्त परका पराग अडवायचा. मादीचं म्यान तडकण्याच्या आत ते हलकेच चिरून सोलावं आणि तुऱ्यावर बटर पेपरची पिशवी चढवून तळाशी कापूस गुंडाळून बांधावी. कापूस विसरला तर देठाच्या बाजूने फुलकिडे आणि मधमाश्या आत शिरतात. प्लास्टिकची पिशवी कधीच नको, उन्हात आत वाफ कोंडून फुलं शिजतात. साधी खाकी पिशवी अवकाळीच्या एका सरीत लगदा होते, आणि नाशिकमध्ये मार्च-एप्रिल म्हणजे गारपिटीचेही दिवस. हवामानाचा इशारा असेल तर पिशवीवर दुसरी पिशवी चढवावी.

मादी फुलं मोहरीच्या दाण्याएवढी, पिवळसर, लडीवर मण्यांसारखी ओवलेली. तुरा उघडल्यापासून पहिले तीन-चार दिवस ती पराग उत्तम घेतात. सकाळी दहा ते एकच्या दरम्यान पिशवीला लहान भोक पाडून रबरी फुग्याच्या फुंकणीने पराग आत उडवावा, पिशवी हलवावी, भोक चिकटपट्टीने बंद करावं. एक दिवसाआड पुन्हा एकदा. चिमूटभर पराग एका तुऱ्याला पुरतो. पारा चाळिसाच्या वर गेला किंवा निफाडकडची एखादी गारठलेली सकाळ असली तर परागनळी नीट वाढत नाही, मधले दिवस निवडावेत. दोन बापांचा पराग एकाच दिवशी हाताळू नये. हाताळावाच लागला तर फुंकणी, ब्रश, बोटं सगळं सर्जिकल स्पिरिटने पुसून पूर्ण वाळू द्यावं. स्पिरिट परागाला मारतं, म्हणून ते कामाचं आणि म्हणूनच ओलं राहिलं तर घातकही. पिशवी पंधरा दिवसांनी, फुलांची टोकं काळपट झाल्यावर काढावी.

एक तुरा मात्र पिशवी बांधून पराग न लावता तसाच ठेवावा. तो तुमचा साक्षीदार. फिनिक्सच्या मादी फुलात तीन बीजकोष असतात. पराग लागला की साधारणपणे एकच वाढतो आणि दोन गळतात. पराग लागलाच नाही तर कधी तिन्ही मिळून बिनबियांची वेडीवाकडी फळं धरतात. तेव्हा फळ धरलं म्हणजे संकर जमला असं समजू नये, फळ कापून बी बघावं. साक्षीदार तुऱ्यातच बी सापडली तर पिशवी गळकी होती, आणि त्या झाडावरच्या बाकीच्या बियांवरही विश्वास ठेवता येत नाही. फळाच्या आकारावरूनही निष्कर्ष काढू नये. वनस्पतिशास्त्रज्ञ वॉल्टर स्विंगल यांनी १९२८ मध्येच दाखवलं होतं की खजुरात बापाच्या परागाने फळाचा आकार आणि पिकण्याची वेळ बदलते. ते फळ आईचंच असतं. संकर असतो तो आतल्या बीत.

बिया पूर्ण पिकलेल्या फळातून काढून, गर धुऊन, दोन दिवस पाणी बदलत भिजवाव्यात आणि वाळू-कोकोपीटमध्ये लावाव्यात. पिशवी उंच हवी, निदान नऊ-दहा इंच. फिनिक्सचा कोंब आधी जमिनीत खोल उतरतो आणि मग तिथून वर येतो. उथळ ट्रेमध्ये तो तळाला टेकून वळतो. ऊब असेल तर एक ते तीन महिन्यांत उगवण होते.

एका संकराची चाळीस-पन्नास रोपं ठेवता आली तर ठेवावीत. जागा कमी म्हणून पहिल्याच वर्षी हळू वाढणारी रोपं टाकून देण्याची सवय असते, आणि मला ही या छंदातली सगळ्यांत वाईट सवय वाटते. भराभर वाढतं ते रोप बहुधा शिंदीच्या वळणाचं. बुटक्या, मऊ पानांच्या झाडासाठी हा खटाटोप मांडला असेल, तर ते झाड मागे पडलेल्या रोपांतच असण्याची शक्यता जास्त. फक्त पांढरी, हरितद्रव्य नसलेली रोपं काढावीत, ती तशीही जगत नाहीत.

पहिलं वर्षभर सगळी पानं सारखीच दिसतात, अखंड, गवताच्या रुंद पात्यासारखी. पान फाटून पात्या सुट्या होऊ लागल्या की एकेका पिशवीसमोर बसून बघावं: पात्या एका पातळीत आहेत की विस्कटलेल्या, बोटाला मऊ लागतात की टोचतात, उलट्या बाजूला पांढरे खवले आहेत का. आणि प्रत्येक पिशवीत पेन्सिलीने लिहिलेली पट्टी हवी, आधी आईचा क्रमांक, मग गुणिलेची खूण, मग बापाचा.